टपाखाली

मोटारीच्या कापडी छपराला आमच्याकडे टप म्हणतात. इंग्रजी ‘टॉप’ टांग्यावर चढून टप झाला, तिथून तो जीपवर आणि एस.टी.च्या माथ्यावर गेला, आणि इतका मुरला की सामान टपावर चढवताना आपण परका शब्द वापरतो आहोत असे कोणाला वाटेनासे झाले. पावसाळ्यात हाच टप टपटपू लागतो. नाद आणि नाम यांची अशी गाठ पडलेली पाहून एरवी भाषेच्या शिक्षकांना बरे वाटले असते. जुलै २०२३ पासून आम्हाला त्यात काही बरे वाटत नाही. त्या महिन्यात आमच्या जीपच्या टपातून आत आलेल्या पाण्याने एक वही भिजवली, आणि ती वही आमची नव्हती.

जीप तशी नानांची. नाना म्हणजे आमच्यापैकी एकीचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. त्यांनी ती १९९४ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. मूळची ही गाडी दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ पासून अमेरिकेत मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. वजन कमी असावे, गरज पडली तर पुढची काच बॉनेटवर पाडता यावी आणि छप्पर काढून गुंडाळून ठेवता यावे, हा त्या रचनेमागचा विचार. स्वातंत्र्याच्या सुमारास ती मुंबईत जुळवली जाऊ लागली आणि पुढे खात्याखात्यांतून रानोमाळ पोहोचली. पण युरोपच्या रणभूमीसाठी बेतलेले कॅनव्हासचे छप्पर आंबोलीच्या पावसात न्यायचे म्हणजे धोतर नेसून विहिरीत उतरण्यासारखे आहे. सावंतवाडीहून घाट चढू लागले की पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो. कोकणात याला झड म्हणतात. घराला झडीपासून वाचवायला पडवीला झापांच्या ताट्या बांधतात. जीपला ताट्या बांधता येत नाहीत.

नाना दरवर्षी आगोटीला, म्हणजे मृग लागण्याआधीच्या पंधरवड्यात, दोन शाकारण्या करीत. एक घराची आणि एक जीपची. घरासाठी माणसे येत, कौले उतरवली जात, फुटकी बदलली जात. जीपचे काम मात्र ते एकटे करीत, आणि तिथे कोणी लुडबुड केलेली त्यांना खपत नसे. त्यामुळे ते नेमके काय करतात हे आम्ही कधी पाहिले नाही. खरे सांगायचे तर पाहावेसेही वाटले नाही. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्तरपत्रिका तपासत ओसरीवर बसलेले असायचो आणि मेणाचा वास तेवढा यायचा. २०२२ च्या डिसेंबरात नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजते सगळे, पण ओठांवर एकच शब्द येतो, ‘तां’. मालवणीत ‘ते’. चहा हवा असला तरी तां, रेडिओ बंद करायचा असला तरी तां. घरात दोन मराठीचे प्राध्यापक, आणि एका दर्शक सर्वनामाचा अर्थ लावताना दोघांची त्रेधा. २०२३ च्या आगोटीला घराची शाकारणी आम्ही माणसे लावून करून घेतली. जीपची राहिली.

आता वहीविषयी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तृतीय वर्षाच्या मुलांनी आपापल्या गावातले मौखिक साहित्य गोळा करून आणावे, असा प्रकल्प आम्ही दिला होता. एकोणीस वह्या आल्या. त्यांतल्या एका मुलीने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ११८ ओव्या लिहून आणल्या होत्या. प्रत्येक ओवी वेगळ्या कडव्यासारखी, खाली शब्दार्थ, आणि आजीने ती कोणत्या कामाच्या वेळी म्हटली त्याची नोंद. अक्षर सुंदर दिसावे म्हणून तिने बॉलपेन न वापरता निळ्या शाईच्या पेनने लिहिले होते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू नका, त्याने ऐकण्याची सवय मोडते, समोर बसून ऐका आणि हाताने लिहा, असे आम्हीच वर्गात बजावले होते. आजी जूनमध्ये वारली. वही आमच्याकडे जुलैत आली.

शनिवारी गडहिंग्लजला नातलगांकडे जायचे होते. तिथे निवांत बसून वह्या तपासू म्हणून त्या एका चर्चासत्रात मिळालेल्या कापडी पिशवीत घालून मागच्या बाकावर ठेवल्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या आम्ही घरातून हद्दपार केल्या होत्या आणि त्याचा थोडा अभिमानही होता. घाट चढून आंबोलीत चहाला थांबलो तेव्हा पिशवीतून पाणी निथळत होते. बॉलपेनची शाई तेलात कालवलेली असते, ती पाण्याला दाद देत नाही. म्हणून बाकीच्या वह्या फुगल्या, सुरकुतल्या, पण वाचता येत होत्या. निळ्या शाईची वही उघडली तेव्हा काही पानांवर नुसते निळे ढग होते. तुकोबांच्या वह्यांची गोष्ट अशा वेळी कोणालाही आठवेल. आम्हालाही आठवली, आणि आठवल्याची लाज वाटली. कारण ती गोष्ट तारणाऱ्याविषयी आहे, आणि इथे बुडवणारे आम्ही होतो.

त्या मुलीला सांगण्याआधी गळती बंद करायची असे आम्ही ठरवले. या ठरवण्यात पळवाट होती हे उघड आहे. तरी पुढचे तीन आठवडे आम्ही मनोभावे चुका केल्या. बाकाच्या बरोबर वर टपाला एक शिवण होती. पाणी तिथूनच येणार असे धरून आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणली आणि शिवणीवर आतून बाहेरून फासली. रेक्झिनसारख्या हलत्या, दुमडणाऱ्या कापडावर सिलिकॉन धड धरत नाही. आठवड्यात त्याची साल निघाली. वाईट म्हणजे जिथे सिलिकॉन एकदा लागले तिथे नंतर दुसरा कोणताही चिकट पदार्थ बसायला तयार होत नाही. मग एपॉक्सीचा लगदा लावला, तो पहिल्याच खड्ड्यात तडकला. शेवटी बाकावर प्लॅस्टिकचा कागद आतून ताणून बांधला. दुसऱ्या दिवशी कागदाच्या खालच्या बाजूलाही थेंब! आम्ही हताश झालो. पुढे कळले की ते गळतीचे पाणी नव्हतेच. माणसांच्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ थंड कागदावर जमली होती.

आणखी एक गोष्ट आम्हाला चक्रावून टाकत होती. घरासमोर अंगणात जीप उभी करून वर पाण्याची नळी धरली तर आत थेंब पडत नसे. तासभर धरली तरी नाही. घाटात गेले की पंधरा मिनिटांत बाक ओले. झडीमुळे होत असेल म्हणून एकाने नळी समोरून जोरात मारली, दुसरी आत टॉर्च घेऊन बसली. काचेच्या वर थोडे पाझरले, मागे ठणठणीत कोरडे. आम्ही एकमेकांवर वैतागलो. नळी नीट धरली नाही, टॉर्च भलतीकडे मारला, अशा त्या वैतागाच्या पायऱ्या होत्या. ओसरीवर खुर्चीत बसलेले नाना डाव्या हाताने विहिरीकडे बोट दाखवून तां तां करीत होते. विहिरीजवळ बसायचे असेल म्हणून आम्ही त्यांची खुर्ची उचलून तिकडे नेली. ते चिडले. पाणी हवे असेल म्हणून तांब्या आणला. त्यांनी तो हाताने उडवला. मग आम्ही त्यांना आत नेले. झोपेची वेळ झाली होती असे आम्ही स्वतःला सांगितले.

मोती तलावापासून जवळच कुशनकाम करणाऱ्या एका मेस्त्रींचे दुकान आहे. त्यांचे आजोबा वेंगुर्ल्याच्या बंदरात गलबतांची शिडे शिवत. मेस्त्री स्वतः आता दुचाकीची सीट कव्हरे शिवतात, पण कापड आणि वारा यांचे नाते त्यांच्या घरात आहे. आमची सिलिकॉनची कलाकुसर पाहून त्यांनी फक्त जीभ टाळ्याला लावून आवाज केला. मग म्हणाले, ‘‘बाई, दिसता थंय शोधू नकात.’’

त्यांच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून जे समजले ते थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्यासारखे अडाणी आणखी असतील. जुना टप जाड सुती कॅनव्हासचा असे. (कॅनव्हास हा शब्द ‘कॅनाबिस’वरून आला, म्हणजे मुळात ते भांगेच्या कुळातल्या अंबाडीसारख्या तंतूचे कापड.) सूत भिजले की फुगते. पहिल्या सरीत कापड थोडे झिरपते आणि मग तंतू फुगून विणीतली भोके आपोआप मिटतात. सुती दोऱ्याने शिवले तर सुईची भोकेही दोरा फुगून भरतात. म्हणून ओल्या तंबूला आतून बोट लावू नये म्हणतात. बोट लागले की तिथे पाण्याचा ताण मोडतो आणि थेंबाला वाट सापडते. नानांनी टपाचे कापड बदलले ते २०१७ साली, आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून रेक्झिनचे घेतले. रेक्झिनचा पत्रा कधीच झिरपत नाही, पण ते फुगतही नाही. त्यात सुईने पाडलेले प्रत्येक भोक कायमचे भोक राहते, आणि नायलॉनचा दोरा ते भरू शकत नाही. ही अडचण जुनी आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली दोन कापडांमध्ये पातळ केलेल्या रबराचा थर घालून पाणी न शिरणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले. कापड उत्तम होते. शिंप्यांनी त्याचे कोट शिवले आणि शिवणींतून पाणी आत येऊ लागले. परदेशी महागड्या मोटारींचे आजचे कापडी टपही त्याच तत्त्वावर, म्हणजे बाहेर कृत्रिम धाग्याचे कापड, मध्ये रबर, आत अस्तर असे असतात, आणि त्यांचेही दुखणे बहुधा शिवणीत, काचेच्या कडेच्या रबरात किंवा पाचोळ्याने तुंबलेल्या पन्हळीत निघते.

गळणे, ठिबकणे, झिरपणे, पाझरणे, ओघळणे, निथळणे. अर्थच्छटा शिकवताना ही यादी आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. ‘गळणे’ हे क्रियापद फक्त शेवटच्या टोकाविषयी बोलते, पाणी कुठे पडले तेवढेच सांगते. पाण्याच्या वाटेविषयी काही सांगायचे तर झिरपणे आणि ओघळणे यांच्याकडे जावे लागते. आम्ही तीन आठवडे गळण्याकडे पाहत होतो.

मेस्त्री रविवारी घरी आले. त्यांनीही आधी अंगणातच पाणी मारून पाहिले, आणि त्यांच्याही हाती काही लागले नाही. नाना ओसरीवरून पुन्हा विहिरीकडे हात करू लागले. मेस्त्रींनी आमच्यासारखी खुर्ची उचलली नाही. ते विहिरीकडे चालत गेले. तिथे दोन चिरे पडलेले होते, जांभ्याचे, कडा झिजलेले, एकेका बाजूला टायरचा काळपट माग असलेले. मेस्त्रींनी चिऱ्यांवर हात ठेवून नानांकडे पाहिले. नाना म्हणाले, ‘‘तां.’’

जीपची पुढची चाके त्या दोन चिऱ्यांवर चढवली. नाक वर झाले, घाटात असते तसे. समोरून नळी मारली. दहा मिनिटांत मागच्या बाकावर धार लागली.

वाट अशी होती. काचेच्या चौकटीपासून मागच्या कमानीपर्यंत टपाला आधार देणारा एक पोकळ पाईप जातो. पूर्वी कधीतरी चौकटीपाशी छोटा पंखा बसवला होता. पंखा गेला, त्याच्या स्क्रूचे भोक पाईपात राहिले. काचेवरच्या खोबणीतले रबर कडक होऊन चपटे झाले होते, त्यामुळे झडीचे पाणी टपाच्या पुढच्या कडेखाली घुसे आणि त्या भोकातून पाईपाच्या आत उतरे. सपाटीवर पाईपाचा उतार किंचित पुढे असल्याने ते तिथेच थोडे साचून पुन्हा बाहेर येई. चढावर मात्र ते पाईपातून मागे वाहत जाऊन शेवटच्या बोल्टपाशी बाहेर पडे, नेमके बाकावर. पाईप बाहेरून कोरडा होता. आमचा टॉर्च त्यावरून किती वेळा फिरला असेल!

नानांनी हे कधी शोधून काढले असेल? दरवर्षी ते ते भोक मेणाने बुजवत असावेत, उन्हाळ्यात ते मेण वितळून जात असावे आणि पुढच्या आगोटीला पुन्हा चिरे, पुन्हा मेण. आम्हाला वाटायचे की चिरे खाली जाऊन ऑइल बघण्यासाठी असतील. विचारले असते तर त्यांनी सांगितले असते, अगदी सविस्तर सांगितले असते, तेव्हा त्यांना बोलता येत होते.

पुढचे काम मेस्त्रींचे. भोकात वॉशर घालून रिव्हेट ठोकला. खोबणीतले रबर बदलले. टपाची पुढची वीतभर पट्टी कापून तिथे जाड सुती कॅनव्हास जोडला, दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, दुहेरी टाक्यांनी, मेण ओढलेल्या सुती दोऱ्याने. दुमडीचे तोंड मागच्या बाजूला ठेवले. कौलावर कौल चढवताना वरचे खालच्यावर येते, कारण पाणी वरून येते. चालत्या गाडीत पाणी पुढून येते, म्हणून इथे पुढचे मागच्यावर. शिडाचे आजोबांकडून ऐकलेले हे गणित त्यांनी दोन तळहात एकमेकांवर ठेवून दाखवले. रेक्झिनच्या शिवणींवरचे सिलिकॉन आम्हाला ब्लेडने खरवडायला लावले, त्यात आमचे दोन रविवार गेले, आणि मग आतून रबर सोल्यूशनने पट्ट्या चिकटवल्या. सुती पट्टीला मधमाशांचे मेण आणि पॅराफिन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून उन्हात चोळले. तो वास आला तेव्हा नानांनी मान वळवून पाहिले.

फायबरचे कडक छप्पर बसवून घ्या, कटकट मिटेल, असा सल्ला या काळात अनेकांनी दिला. गाडीच्या बांधणीत असा बदल करायचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नोंदणीपुस्तकात तशी नोंद लागते. त्याहून खरे कारण असे की तो बदल नानांच्या देखत करणे आम्हाला जमले नसते.

त्या मुलीला आम्ही ऑगस्टच्या शेवटी बोलावले. वही टिपकागदात, पंख्याच्या वाऱ्यावर, एकेक पान सुटे करून वाळवली होती. ११८ पैकी ४३ ओव्या पूर्ण किंवा अर्ध्या गेल्या होत्या. तिने वही चाळली. रडेल असे वाटले होते, रडली नाही. तिने विचारले, ‘‘सर, जुलैतच भिजली ना? मग आत्ता का सांगताय?’’ याला आमच्याकडे उत्तर नव्हते. गळती सापडली नव्हती म्हणून, असे काहीतरी आम्ही पुटपुटलो.

पुढच्या महिन्याभरात ती दर शुक्रवारी तासानंतर येई आणि आठवून आठवून जागा भरी. २९ ओव्या तिला पाठ होत्या, किंवा आईला आणि काकीला विचारून जुळल्या. उरलेल्या चौदांच्या बाबतीत आमच्यापैकी एकाने सुचवले की मौखिक परंपरेत पाठ असेच बदलतात, प्रत्येक बाई आपला शब्द घालतेच, तर तिने अंदाजाने पूर्ण करायला हरकत नाही. वर्गात हे वाक्य आम्ही अनेकदा उच्चारले आहे आणि ते खोटे नाही. पण त्या दिवशी ते फार सोयीचे होते. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘नरोटी नको, सर.’’ शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हा त्यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो अशी ताकीद दिली, हे आम्हीच तिला दुसऱ्या वर्षात शिकवले होते. तिने त्या चौदा ओव्यांचे क्रमांक लिहिले आणि पुढे रेघा ओढून जागा मोकळी सोडली. पेन्सिलने शेजारी नोंद केली, ‘पाण्याने गेली, जुलै २०२३’. कोणाच्या गाडीतल्या पाण्याने, हे तिने लिहिले नाही. आम्ही ते तिच्या परवानगीने खाली लिहून सही केली. वहीची छायाप्रत आता विभागाच्या कपाटात आहे, मूळ वही तिच्या घरी.

जुलै २०२५ मध्ये नानांना पुढच्या सीटवर बसवून आम्ही घाट चढलो. पुनर्वसूचा पाऊस होता, समोरचे दहा पावलांवरचे दिसत नव्हते. मागच्या बाकावर मुद्दाम वर्तमानपत्र अंथरले होते. आंबोलीत उतरून पाहिले तर ते कोरडे. चहा घेऊन परत निघालो आणि उतार लागला तेव्हा नानांनी डावा हात पुढे केला. काचेच्या बिजागरीपाशी, क्लचच्या बाजूला, पाण्याची एक बारीक ओळ खाली येत होती. ‘‘तां,’’ ते म्हणाले. आम्ही कडेला गाडी घेतली, थांबलो, आणि या वेळी ती ओळ बिजागरीपासून वर कुठे जाते ते पाहू लागलो.